वन्संची वाकडी रेघ

कपाच्या काठावर सोनेरी रेघ मारताना श्वास रोखून धरायचा, असं नव्या मुलींना शिकवलं जातं, आणि ते साफ चुकीचं आहे. श्वास रोखला की हात ताठतो. वन्सं तर रेघ मारताना चक्क बोलत असत. डाव्या हाताने चाक फिरवायचं, उजव्या हातातला ब्रश नुसता टेकवून धरायचा, आणि शेजारच्या बाकावरच्या वहिनीला सांगत राहायचं की काल भाजीत मीठ घालायचं कोण विसरलं होतं. कपाचा एक फेरा पुरा झाला की रेघ स्वतःलाच येऊन मिळालेली असायची, आणि ती कुठे सुरू झाली नि कुठे संपली हे भिंग घेऊनही सापडायचं नाही.

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हतं. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा नणंद तिच्याहून थोडी मोठी, बिनलग्नाची आणि जिभेने तिखट. तिची जिरवायला म्हणून वहिनीने जुन्या वळणाचं ‘वन्सं’ आणि ‘अहो-जाहो’ सुरू केलं. नणंदेला ते आवडलं, आणि चिडवणं बाजूला राहून नावच पडलं. पुढे वन्संनीच खटपट करून तिला कपबशांच्या कारखान्यात आपल्या शेजारी चिकटवलं. मग रंगकामाची सगळी खोली एकीला वन्सं आणि दुसरीला वहिनी म्हणू लागली, अगदी मॅनेजरबाईसुद्धा. दोघी घरून भांडत निघायच्या आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत भांडण मिटवून आत शिरायच्या. एकमेकींशिवाय त्यांचं पान हलत नसे.

रेघ मारून झाली की कपाच्या बुडाशी प्रत्येकीने आपली खूण करायची असा तिथला रिवाज. वहिनीचे तीन ठिपके, वन्संची चंद्रकोर. भट्टीत जाण्यापूर्वी ते सोनं गंजासारखं तपकिरी दिसतं. भट्टीतून निघालं की चमकतं. मग तपासणीच्या टेबलावर कप उलटे केले जात, आणि कुणाचे चांगले, कुणाचे बाद, ते खुणेवरून धरलं जाई. बिघडलेली रेघ पुसायची सोय नव्हती. पुसली तर भट्टीत तिथे जांभळा डाग उठायचा आणि चोरी उघडी पडायची.

वहिनीच्या उजव्या हाताच्या बोटांना आधी मुंग्या येऊ लागल्या. मग कधी एका डोळ्यापुढे धुकं, कधी पाय इतके जड की जिना म्हणजे डोंगर. डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि मग साध्या भाषेत समजावलं, की नसांवरचं आवरण झिजतंय. हा आजार बरा होत नाही, पण आवरता येतो. त्यासाठी एक महागडं इंजेक्शन घेत राहायचं. ते कंपनीच्या आरोग्य योजनेत बसत होतं. म्हणजे नोकरी आहे तोवर औषध आहे, हे वहिनीला डॉक्टरांनी न सांगताच कळलं.

आता कुणी म्हणेल, मग कारखान्यात सांगून का टाकलं नाही? तर त्याला कारण पॅकिंगमधली एक बाई. तिने एकदा छातीत धडधडतं म्हणून ऑफिसात सांगितलं आणि थोड्याच दिवसांत तिचा निरोपसमारंभ झाला. गोड बोलून काढली, असं खोलीत ठरलं. कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. पण तेव्हापासून त्या कारखान्यात माणसं तापाने फणफणत असली तरी ‘जरा झोप झाली नाही’ असं सांगत. वहिनी दवाखान्याच्या दिवशी कधी पाहुणे आलेत म्हणून रजा घेई, कधी बँकेचं काम म्हणून. तिच्याकडे इतके पाहुणे येत की बाकीच्या बायका तिची कीव करू लागल्या.

रजेचं निभावलं, पण रेघेचं काय करणार? एका दुपारी वहिनी फळीवरचे आपले, अजून खूण न केलेले कप बघत बसली होती. प्रत्येक काठावर रेघ दचकल्यासारखी हललेली. रडू आवरायला ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठली, आणि परत आली तर तिच्या फळीवर दुसरेच कप, आरशासारख्या स्वच्छ रेघांचे, आणि बुडाशी तीन ठिपके. तिचे हललेले कप वन्संच्या फळीवर गेले होते, चंद्रकोर लावून. वन्सं चाक फिरवत भलत्याच विषयावर बोलत होत्या.

वहिनीने घरी आल्यावर हात जोडून सांगितलं की असं करू नका. वन्सं म्हणाल्या, “घरात मिठाचा डबा वेगळा आहे का आपला? मग कपांचं कशाला वेगळं?” आणि विषय संपवला. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. वन्संचा हात इतका भराभर चालायचा की दोघींपुरते चांगले कप त्या निम्म्या दिवसात काढीत. बाद व्हायचे ते सगळे त्यांच्या नावावर. तपासणीवाली एकदा म्हणाली, वन्सं, वय झालं वाटतं! वन्सं सगळ्यांबरोबर हसल्या. वहिनीला ते हसणं आठवलं की अजून लाज वाटते.

मग नोटीस लागली. मागणी घटलीय, काठाची रेघ छापणारं यंत्र येतंय, सबब मनुष्यबळाची फेररचना. माणसांना घरी बसवायचं असलं की असे शब्द बाहेर काढतात. निवड बाद मालाच्या प्रमाणावरून होणार होती. ज्यांची नावं आली त्यांना ऑफिसात बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेणार, आणि येताना सोबत एक माणूस आणता येईल, असंही त्यात होतं. रंगकामाच्या खोलीतून पहिलं नाव वन्संचं. वहिनीचं नव्हतंच. उलट कामात सगळ्यात वरची म्हणून मॅनेजरबाईंनी तिची पाठ थोपटली.

आपलं नाव नाही हे वाचून वहिनीला आधी हायसं वाटलं. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पुढच्याच क्षणी बाकीचं ध्यानात आलं. आपण वन्संच्या जिवावर सुटलो आहोत, आणि त्या आपल्यापायी बुडाल्या आहेत.

घरी तिचा नवरा, म्हणजे वन्संचा भाऊ, शाळेची बस चालवून आला होता. त्याने ऐकलं, बूट काढले, पुन्हा घातले. मग म्हणाला, दोघींपैकी एकीची राहिली हे काय कमी आहे. पण ते त्याने बहिणीकडे न बघता म्हटलं. कारण वन्सं तरुणपणापासून एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, की मी भावाच्या घरात राहीन पण भावाच्या जिवावर जेवणार नाही. त्यांची सगळी ऐट त्या एका वाक्यावर उभी होती. त्यांनी वहिनीला आत नेऊन शपथ घातली की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. वहिनी गप्प राहिली. वन्संनी तेच होकार समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच युनियनच्या काकांकडे गेली. काका आधी भट्टीवर होते, आणि भट्टीने नेलेल्या भुवया अजून नीट उगवल्या नव्हत्या, त्यामुळे ते कायम चकित झाल्यासारखे दिसत. या वेळी ते खरोखरच चकित झाले.

“अहो, लपवलंत कशाला?” ते म्हणाले. “आजारी माणसाला आजारपणापायी काढता येत नाही. उपचाराची रजा निवडीत मोजता येत नाही. तुम्हाला जमेल असं काम, बसायला खुर्ची, चांगला उजेड, जे लागेल ते बघून देणं कंपनीवर बंधनकारक आहे. फक्त त्यांना कळलं पाहिजे.”

वहिनीने पॅकिंगमधल्या बाईचं नाव काढलं. काकांनी कपाळाला हात लावला. त्या बाईला कंपनीने बसून करायचं काम देऊ केलं होतं. तीच लेकीकडे राहायला जायचं म्हणून सोडून गेली. काका स्वतः त्या बैठकीत होते. म्हणजे कुणीतरी काहीतरी बोललं, आणि तेवढ्यावर अख्खा कारखाना आजार गिळून बसला होता. वहिनीला हसावं की रडावं कळेना. वेळेवर बोलली असती तर ना हललेले कप वन्संच्या फळीवर गेले असते, ना वन्संचं नाव आलं असतं.

खुणांचं ऐकल्यावर मात्र काकांनी दोन्ही बाजू मांडल्या. ते सांगितलं तर वन्संचं काम खरं किती चांगलं आहे ते दिसेल आणि नाव वगळलं जाईल, असं होऊ शकतं. किंवा खोट्या खुणा केल्या म्हणून दोघींनाही बाहेरचा रस्ता दाखवतील, आणि तिथे आजाराचा कायदा कामी येणार नाही. आजाराचं तुम्ही सांगाच, काका म्हणाले, पुढचं तुमच्या मनावर.

ऑफिसात बोलावलं त्या दिवशी वन्संनी सोबतीला वहिनीलाच नेलं. मॅनेजरबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. कामाचा ढीग उपसणाऱ्या माणसासारख्या घाईत होत्या. त्यांनी बाद कपांचं प्रमाण वाचून दाखवलं आणि काही सांगायचंय का विचारलं. वन्सं नाही म्हणाल्या. वहिनी म्हणाली, मला सांगायचंय. आणि तिने सगळं सांगितलं. आजार, दवाखाना, खोटे पाहुणे, आणि मग खुणा. बोलताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

मॅनेजरबाईंनी वन्संकडे पाहिलं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, “आजारी आहे ते खरं आहे. बाकीचं ती मला वाचवायला बोलतेय. बाद कप माझेच.”

वहिनीला कानांवर विश्वास बसेना. मग तिला उलगडलं. खुणा खोट्या ठरल्या तर दोघी चोर ठरणार. त्या खऱ्या ठरल्या तर वहिनी फक्त आजारी, आणि आजाऱ्याला कायद्याचं पांघरूण आहे. वन्संनी तिथल्या तिथे हिशेब करून स्वतःला वजा केलं होतं.

“चाकावर चला,” वहिनी म्हणाली. “दोघींपुढे एकेक कप ठेवा. आत्ताच कळेल.”

सगळे खोलीत गेले. बायकांनी कामं थांबवली. वन्सं आपल्या बाकावर बसल्या, कप चाकाच्या मधोमध ठेवला, ब्रश बुडवला. आणि त्या गप्प झाल्या. इतक्या वर्षांत रेघ मारताना वन्सं गप्प बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी ओठ मिटून श्वास रोखला. ब्रश टेकला, चाक फिरलं, आणि काठावर एक रेघ उमटली, मध्ये दोनदा दचकलेली, शेवटी स्वतःला चुकवून खाली घसरलेली. वहिनीने ती ओळखली. ती तिचीच रेघ होती. इतके महिने शेजारी बसून वन्संनी ती पाहिली होती, आणि आता जशीच्या तशी काढून दाखवली होती.

खोलीतल्या प्रत्येकीला कळलं की ही वन्संची रेघ नव्हे. कपातीची टांगती तलवार प्रत्येकीच्या डोक्यावर होती. वन्सं राहिल्या तर त्यांच्या जागी आपल्यापैकीच कुणीतरी जाणार. सगळ्या ब्रश धुवायला लागल्या. त्यांना दोष तरी काय द्यायचा.

“आता माझी बघा,” असं म्हणून वहिनी बाकाकडे वळली, तर मॅनेजरबाईंनी तिला हाताने अडवलं.

“नाही वहिनी. तुम्ही आजार सांगितलात. आता तुमच्या हाताची परीक्षा घेणं मला शोभायचं नाही, आणि कायद्यातही बसायचं नाही.” तुमचे कप आजवर उत्तम होते, त्यांनी समजावलं, त्रास अलीकडेच वाढला असेल. एवढं बोलून त्यांनी वन्संचं नाव कायम ठेवत प्रश्न मिटवला, आणि त्यांच्या दृष्टीने तो छान मिटला होता. जो हक्क वहिनीला सोडवणार होता, त्यानेच तिच्या तोंडाला कुलूप घातलं.

दोघी घरी आल्या. दार लावून घेतल्यावर वहिनी कडाडली. इतक्या वर्षांत नणंदेवर ती पहिल्यांदाच मनापासून संतापली होती. सगळ्यांसमोर स्वतःचा हात खराब असल्याचं नाटक केलंत, आता दुसऱ्या कारखान्यात विचारतील का काढलं, तर काय सांगाल? वन्सं म्हणाल्या, माझे हात शाबूत आहेत, मी काहीही करीन, तुझं औषध थांबता कामा नये. अपील करा, वहिनी म्हणाली. काकांनी सांगितलंय करता येतं. पण अपील ज्याचं त्यानेच करायचं असतं, आणि वन्संनी साफ नकार दिला. नवरा दोघींच्या मध्ये उभा राहून एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला. त्याला बिचाऱ्याला कुणाची बाजू घ्यावी हेच कळेना, कारण दोघी दुसरीचीच बाजू घेऊन भांडत होत्या.

वन्संचा शेवटचा आठवडा उरला होता तेव्हा कंपनीने वहिनीची व्यवस्था केली. तपासणीच्या टेबलापाशी बसून काम, मान वळवता येईल असा दिवा, मध्ये मध्ये विश्रांती, आणि नवी खुर्ची, गादीची, हात टेकायला बाजू असलेली. मॅनेजरबाई स्वतः दाखवायला आल्या. त्यांनी मनापासून केलं होतं, हे वहिनीलाही नाकारता आलं नाही.

“अजून काय लागेल ते सांगा,” त्या म्हणाल्या. “संकोच नको. तुमचा हक्कच आहे तो.”

वहिनी खुर्चीकडे बघत होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला वन्सं चाकावर होत्या, पाठमोऱ्या.

“वन्सं लागतील,” ती म्हणाली.

मॅनेजरबाईंना वाटलं ती गंमत करतेय. वहिनी पुढे बोलली, हळू पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. “मला काम करायला काय लागतं ते तुम्ही विचारलंत. मी आजारी झाल्यापासून या हातातून एकही चांगला कप निघालेला नाही. जे निघाले ते त्या शेजारी होत्या म्हणून निघाले. खुर्चीने माझं काम झालेलं नाही, त्यांनी झालंय. तेवढं लिहून घ्या.”

त्याचा निकाल लागलाय, मॅनेजरबाई अवघडून म्हणाल्या, आणि अशी काही तरतूद नसते. बरं, बसा तरी.

“लिहून घेतलंत की बसते.”

आणि ती उभी राहिली. उभं राहणं म्हणजे बाकीच्यांना काहीच नव्हे. तिच्यासाठी ते ओझं उचलण्यासारखं होतं. थोड्याच वेळात ती एका बाजूला कलू लागली. मॅनेजरबाई दोनदा बसा म्हणाल्या, तिसऱ्यांदा विनवल्यासारखं म्हणाल्या. वहिनीने खुर्चीची पाठही धरली नाही. डोळ्यापुढे धुकं यायला लागलं तशी ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

वन्संनी मागे वळून पाहिलं. “वहिनी, बस मुकाट्याने,” त्या तिथूनच म्हणाल्या.

“नाही.”

“पडशील गं.”

“पडू दे.”

वन्संचं चाक थांबलं. हातातला ब्रश तसाच घेऊन त्या टेबलांमधून वाट काढत आल्या. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता आणि डोळे भरले होते. त्यांनी खुर्ची पायाने पुढे सरकवली, वहिनीच्या खांद्यांवर हात ठेवले आणि लहान मुलाला बसवावं तसं तिला खाली दाबून बसवलं. वहिनीला प्रतिकार करायची ताकद उरली नव्हती. मग तिच्या खांद्यांवरचे हात न काढता वन्सं मॅनेजरबाईंना म्हणाल्या,

“लिहा. तिचे तीन ठिपके मी काढत होते. त्या दिवशीची वाकडी रेघही मी मुद्दाम काढली. चोर म्हणायचं तर मला म्हणा.”

“दोघींना म्हणा,” वहिनी खालून म्हणाली.

 हे ऐकायला मिळू नये असं मॅनेजरबाईंना मनापासून वाटत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. खोलीत कुणी ब्रश धुवत नव्हतं. वहिनी खुर्चीत पाठ टेकून रडत होती, आणि वन्सं तिच्यामागे उभ्या होत्या, उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही अशा उभ्या.